हायड्रोजनच्या गाडीतील सरी-वरंबे

३० मार्च २०२२ रोजी नागपूरचे खासदार व केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीत बसून संसद भवनात गेले. धुराऐवजी पाणी सोडणारी ती मोटार देशभरच्या वृत्तपत्रांतून झळकली. हायड्रोजन स्वस्त कधी होणार, त्याचे पंप कोठे निघणार, टाकी कितपत सुरक्षित, असे अनेक प्रश्न त्या निमित्ताने विचारले गेले, आणि ते योग्यच होते. एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. ती मोटार जपानी बनावटीची होती. तिच्यातील वीज ज्या यंत्रात निर्माण होते त्या यंत्राच्या पोटात शेकडो पातळ पत्रे एकावर एक रचलेले असतात, आणि त्या प्रत्येक पत्र्यावर वायू खेळविण्यासाठी बारीक सऱ्या पाडलेल्या असतात. हे पत्रे कोणी आखले, कोणी ठोकले, आणि आपल्याला ते आखता व ठोकता येतात काय, हा तो प्रश्न होय.

हायड्रोजनची चर्चा आपल्याकडे वायूच्या टनांत आणि रुपयांच्या कोटींत चालते. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद झाली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्माण करण्याचे उद्दिष्ट ठरले. या रकमेपैकी १७,४९० कोटी रुपये हायड्रोजनचे उत्पादन आणि त्यासाठी लागणाऱ्या इलेक्ट्रोलायझरची निर्मिती यांच्या प्रोत्साहनासाठी आहेत. संशोधनाच्या वाट्याला ४०० कोटी आले, म्हणजे शंभरातले दोन रुपये. वायू निर्माण झाला की त्याचा उपयोग करणारी यंत्रे आपोआप मिळतील, असे या वाटणीमागे गृहीत धरलेले दिसते. ते गृहीत कितपत खरे आहे हे समजून घ्यावयाचे तर वायूच्या टाकीकडून नजर काढून त्या पत्र्याकडे पाहिले पाहिजे.

घटाची रचना

इंधनघटाची कल्पना मुळीच नवी नाही. विजेचा प्रवाह सोडला असता पाण्यापासून हायड्रोजन व प्राणवायू वेगळे होतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच ठाऊक झाले होते. वेल्समधील विल्यम ग्रोव्ह या वकिलाने, जे पुढे न्यायाधीश झाले, १८३९ मध्ये याच्या उलट क्रिया करून दाखविली: हे दोन वायू प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर एकत्र आणले आणि त्यांच्या मीलनातून वीज मिळविली. पुढे शतकाहून अधिक काळ हा शोध प्रयोगशाळेतील एक नवल म्हणूनच राहिला. फ्रान्सिस बेकन या इंग्रज अभियंत्याने १९५९ मध्ये पाच किलोवॅटचा घट चालवून दाखविला, आणि ऑगस्ट १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-५ या अंतराळयानाबरोबर इंधनघट प्रथमच अवकाशात गेला.

आजच्या मोटारींत वापरला जाणारा घट रचनेने साधा दिसतो. मध्यभागी एक अतिशय पातळ पटल असते. त्याची जाडी मिलिमीटरचा शंभरावा-पन्नासावा भाग इतकी अल्प. त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमच्या कणांचा लेप आणि त्यावर सच्छिद्र कार्बनचा कागद. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवा. हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून जातो, आणि तीच आपली वीज. उरलेला प्रोटॉन पटलातून पलीकडे सरकतो आणि तेथे प्राणवायूला मिळून पाणी होतो. अशा एका घटातून प्रत्यक्ष वापरात सहा ते सात दशांश व्होल्टच मिळतात, म्हणजे हातातल्या विजेरीच्या सेलच्या निम्म्याहून कमी. म्हणून मोटार चालवावयाची तर तीनशेहून अधिक घट एकावर एक रचावे लागतात. प्रत्येक दोन घटांच्या मध्ये एक पत्रा येतो. त्याच्या एका अंगाने एका घटाला हायड्रोजन पोचतो, दुसऱ्या अंगाने शेजारच्या घटाला हवा.

या पत्र्यावर एकाच वेळी चार कामे पडतात. त्याने वायू सर्वत्र सारखा पोचविला पाहिजे. तयार झालेले पाणी बाहेर काढले पाहिजे. वीज एका घटातून दुसऱ्यात नेली पाहिजे. आणि उष्णता हटविली पाहिजे. हे करताना हायड्रोजन व हवा यांची गाठ पडू द्यावयाची नाही, हे पाचवे बंधन. घटसमूहाच्या वजनाचा मोठा हिस्सा या पत्र्यांचाच असतो. प्लॅटिनम महाग म्हणून त्याची चर्चा होते, पटल नाजूक म्हणून त्याची चर्चा होते; पत्रा मात्र निव्वळ पत्रा म्हणून दुर्लक्षित राहतो.

सरी आणि वरंबा

शेतीशी ज्याचा थोडाही संबंध आला आहे त्याला या पत्र्याचे मर्म समजावून सांगण्यास फार सायास नकोत. पत्र्यावर सरी-वरंब्याचीच रचना असते. सरीतून वायू वाहतो आणि तेथून कार्बनच्या कागदात मुरतो. वरंबा त्या कागदाला टेकलेला असतो आणि त्याच्यातून वीज व उष्णता जाते. वरंबा रुंद ठेवला तर वीज सुखाने वाहते, परंतु त्याच्याखालच्या भागाला वायू मिळत नाही आणि तेथे पाणी साचते. वरंबा अरुंद केला तर वायू सर्वत्र पोचतो, पण विजेला वाट अपुरी पडते आणि दाबाखाली कागद सरीत दबतो. सरीची रुंदी बहुधा मिलिमीटरच्या आसपास, खोली त्याहूनही कमी. एवढ्या जागेत हा तोल साधावयाचा असतो.

मग प्रश्न येतो मांडणीचा. सर्वांत सोपी रीत म्हणजे एका मुख्य पाटातून अनेक समांतर सऱ्या काढणे. तीत वायूला अडथळा कमी, त्यामुळे तो ढकलण्यास ऊर्जाही कमी लागते. परंतु एखाद्या सरीत पाण्याचा थेंब अडकला की वायू शेजारच्या मोकळ्या सऱ्यांतून निघून जातो. अडकलेला थेंब ढकलण्यापुरता दाब त्या सरीत राहतच नाही. ती सरी बंद ती बंदच. दुसरी रीत म्हणजे एकच लांब सरी नागमोडी वळणे घेत साऱ्या पत्र्यावरून नेणे. येथे वायूला दुसरी वाटच नसल्याने थेंब पुढे ढकलला जातो. पण लांबी वाढली की दाब घटत जातो, आणि आरंभी प्राणवायूने समृद्ध असलेली हवा शेवटाला पोचेतो निःसत्त्व होते. पेंचच्या असो वा दुसऱ्या कोणत्याही कालव्यावर शेवटाकडील शेतकऱ्याची जी तक्रार असते, तीच येथे शेवटाकडील प्लॅटिनमच्या कणांची असते.

तिसरी रीत अधिक धीट आहे. तीत येणाऱ्या सऱ्या आणि जाणाऱ्या सऱ्या दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तशा असतात, पण एकमेकींना जोडलेल्या नसतात. येणारी प्रत्येक सरी पुढे बंद असते, त्यामुळे वायूला वरंब्याखालच्या कागदातून जबरीने शिरूनच पलीकडच्या सरीत जावे लागते. पाणी चांगले निघते, घट जोरात चालतो. परंतु वायू ढकलणाऱ्या पंपाला इतकी वीज लागते की मिळविलेले बरेच काही तेथेच खर्ची पडते. व्यवहारात या तिन्ही रीतींत तडजोड करावी लागते. तीन-चार किंवा अधिक सऱ्या जोडीने नागमोडी नेणे ही अशीच एक तडजोड आहे.

या सगळ्यात अचूकपणाला किती महत्त्व आहे हे एका साध्या हिशोबाने कळते. प्वाझ्यूय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास केसासारख्या बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो याचा अभ्यास केला. रक्ताभिसरणाचे कोडे उलगडावे हा त्याचा हेतू होता. त्यातून असे निष्पन्न झाले की दाब तोच ठेवला तर प्रवाह नळीच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो. पत्र्यावरील सऱ्यांनाही स्थूलमानाने हाच नियम लागू पडतो. एखादी सरी रुंदीला व खोलीला इतरांपेक्षा केवळ दहा टक्क्यांनी लहान निघाली, तर तिच्यातून वाहणारा वायू दहा टक्क्यांनी नव्हे, सुमारे एकतृतीयांशाने घटतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक, आणि तिच्यापायी एका पट्टीची उपासमार!

ही उपासमार तेथेच थांबत नाही. सगळे घट एका ओळीत जोडलेले असल्याने सर्वांतून एकच प्रवाह जातो. एका घटाला हायड्रोजन कमी पडला तरी बाकीचे तीनशे घट त्याच्यातून तितकाच प्रवाह रेटत राहतात. मग त्या घटात हायड्रोजनऐवजी आधाराचा कार्बनच झिजू लागतो, आणि एकदा झिजलेला कार्बन परत येत नाही. तीनशे पत्रे उत्तम आणि एक सदोष असला तरी सारा समूह सदोष ठरतो. म्हणून या पत्र्याच्या बाबतीत नमुना उत्तम करून दाखविणे ही अर्धीच विद्या झाली. तोच नमुना लाखो वेळा हुबेहूब उतरविणे ही उरलेली अर्धी विद्या, आणि तीच अधिक अवघड.

कोणताच नमुना अखेरचा नाही

कॅनडातील बॅलार्ड या कंपनीने १९८३ पासून या घटावर काम सुरू केले. नागमोडी सरीच्या पत्र्याचे तिचे अमेरिकी पेटंट १९९१ चे आहे आणि अनेक सऱ्या जोडीने नेण्याचे पेटंट १९९२ चे. त्यांची मुदत केव्हाच संपली असून ती रचना आज कोणालाही वापरता येते. २०१४ मध्ये टोयोटाने आपली मिराई ही मोटार बाजारात आणली तेव्हा तिच्यात ३७० घट होते, आणि हवेच्या बाजूला सऱ्यांऐवजी टिटॅनियमची बारीक त्रिमित जाळी होती. हवा त्या जाळीतून वर-खाली उसळत जाई आणि पाणी खेचून नेई. त्या जाळीचे जगभर कौतुक झाले. परंतु २०२० च्या पुढच्या पिढीत त्याच कंपनीने ती जाळी सोडून दिली, घटांची संख्या ३३० वर आणली, आणि ठिकठिकाणी मुद्दाम अरुंद केलेल्या सऱ्यांकडे ती परत वळली.

या माघारीत मोठा बोध आहे. ज्यांनी या क्षेत्रात सर्वांत पुढे मजल मारली, त्यांचाही शेवटचा शब्द अद्याप उच्चारला गेलेला नाही. अणुभट्टी किंवा जेट इंजिन यांच्या बाबतीत दारे बंद झाल्याची तक्रार आपण करतो. येथे दार अजून उघडे आहे. सरीचा नमुना शोधण्यास शेकडो कोटींची प्रयोगशाळा लागत नाही. चांगला संगणक, द्रवगतीचे पक्के ज्ञान, अचूक कोरणारे यंत्र, घट तपासण्याचे एक मेज आणि चिकाटी एवढ्या सामग्रीवर येथे खरे काम होऊ शकते.

पुणे आणि अंबरनाथ

असे काम महाराष्ट्रात झालेले आहे, ही समाधानाची गोष्ट. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तमिळनाडूतील कारैकुडीची केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्था आणि पुण्याचीच केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून घडविलेल्या घटावर ऑक्टोबर २०२० मध्ये एक मोटार चालवून पाहण्यात आली. पटल व लेप यांचे ज्ञान प्रयोगशाळांचे होते. पातळ धातूचे पत्रे आणि त्यांच्या कडा बंद करणारी गॅस्केटे यांची आखणी कंपनीची होती. धातूच्या या पत्र्यांमुळे घटसमूहाचे वजन सुमारे दोनतृतीयांशाने कमी झाले असे तेव्हा सांगण्यात आले. मोटारीच्या टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन मावत होता आणि तेवढ्यावर ती सुमारे अडीचशे किलोमीटर जाईल असा अंदाज होता. एक किलो हायड्रोजनपासून नऊ किलो पाणी होते. म्हणजे एवढ्या प्रवासात जवळजवळ सोळा लिटर पाणी त्या घटांत तयार होऊन पत्र्यांवाटे बाहेर पडणार. सऱ्यांच्या आखणीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर या एका आकड्यात आहे. पुढे २१ ऑगस्ट २०२२ रोजी याच सहकार्यातून तयार झालेली हायड्रोजन बस पुण्यात लोकांसमोर आली.

अंबरनाथची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा निराळ्या वाटेने गेली. पाणबुडीला वारंवार पृष्ठभागावर न येता दीर्घकाळ पाण्याखाली राहता यावे यासाठी तिने फॉस्फरिक आम्लाच्या इंधनघटाची यंत्रणा सिद्ध केली. तीत लागणारा हायड्रोजन साठवून न नेता पाणबुडीतच तयार केला जातो. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरील नमुन्याची चाचणी यशस्वी झाली, आणि ३० डिसेंबर २०२४ रोजी ही यंत्रणा पाणबुडीत बसविण्यासाठी मुंबईच्या माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार झाला. प्रयोगशाळेच्या मेजापासून पाणबुडीच्या पोटापर्यंतची ही वाट दीर्घ होती. पण ती येथल्याच माणसांनी चालून दाखविली आहे.

ग्रॅफाइट की धातू, हा या वाटेवरचा मोठा फाटा. ग्रॅफाइट आम्लाला दाद देत नाही आणि वीज चांगली वाहून नेतो. परंतु तो ठिसूळ असल्याने पत्रा जाड ठेवावा लागतो, आणि त्यावर सऱ्या कोरण्यास वेळ लागतो. दहा हजार वाहनांना प्रत्येकी ३३० प्रमाणे ३३ लाख पत्रे लागतील. एक पत्रा कोरण्यास एक तास धरला तर रात्रंदिवस, वर्षभर न थांबता चालणारी पावणेचारशे यंत्रे केवळ एवढ्याचसाठी हवीत. धातूचा पत्रा मात्र दाबयंत्राखाली काही क्षणांत ठोकून निघतो. पोलादाचा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ पत्रा घ्यावयाचा, डायमध्ये दाबावयाचा, असे दोन पत्रे पाठीला पाठ लावून जोडावयाचे, आणि मधल्या पोकळीतून थंड करणारे पाणी खेळवावयाचे.

येथेच आखणीचे खरे कोडे निर्माण होते. पत्र्याच्या एका अंगावर जी सरी, तीच दुसऱ्या अंगावर वरंबा. हायड्रोजनची वाट आखली की तिच्या पाठीमागे थंड पाण्याची वाट आपोआप आखली जाते. हवेची वाट बदलली की पाण्याचीही बदलते. तीन प्रवाहांची भांडणे एकाच कागदाइतक्या पत्र्यावर मिटवावी लागतात. शिवाय दाबाखाली पत्रा ताणला जातो, कोपऱ्यात पातळ होतो, कधी फाटतो. दाब काढला की थोडा परत उसळतो आणि वाकडा होतो. पोलादातून लोहाचे कण सुटले तर ते पटल खराब करतात, म्हणून त्यावर वीज वाहू देणारा पण आम्ल रोखणारा लेप हवा. संगणकाच्या पडद्यावर सुरेख दिसणारी सरी डाय घडविणाऱ्या कारागिराने अशक्य म्हटली की ती अशक्यच. आखणी करणारा आणि ठोकणारा यांनी एका मेजाशी बसल्यावाचून हा पत्रा होत नाही. नकाशा परदेशातून आणता येतो. हा संवाद आणता येत नाही.

नागपूरचा उन्हाळा

या सर्वांत नागपूरचा संबंध काय, असे कोणी विचारील. पहिला संबंध हवेचा आहे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे येथे नवलाचे नाही. इंधनघट साधारणतः ६५ ते ८० अंशांवर काम करतो. पेट्रोलच्या इंजिनाची बरीच उष्णता धुराड्यातून निघून जाते. इंधनघटाची जवळजवळ सगळी उष्णता थंड पाण्यावाटे रेडिएटरलाच बाहेर टाकावी लागते. घट ७० अंशांवर आणि बाहेरची हवा २० अंश असली तर उष्णता जाण्यास ५० अंशांचा फरक मिळतो; बाहेर ४५ अंश असतील तर २५ अंशांचाच. म्हणजे तोच रेडिएटर नागपूरच्या मे महिन्यात निम्मे काम करील. त्यातच हवा कोरडी ठणठणीत. पटल ओले राहिले तरच त्यातून प्रोटॉन जातात. कोरडी तप्त हवा आत शिरताच सरीच्या आरंभी पटल सुकते आणि त्याच सरीच्या शेवटी पाणी तुंबते. पुढे जुलैमध्ये हवा इतकी दमट होते की तुंबण्याचीच चिंता अधिक.

कॅनडा, जर्मनी आणि जपानचा उत्तर भाग येथील अभियंत्यांना सर्वांत मोठी भीती असते ती पाणी गोठण्याची. त्यांच्या सऱ्या त्या भीतीने आखलेल्या असतात. विदर्भात पाणी गोठत नाही. येथे ते आटते. हायड्रोजन व हवा परस्परांविरुद्ध दिशांनी खेळवून एकीच्या ओल्या शेवटाने दुसरीचा कोरडा आरंभ भिजविणे, सरीची खोली आरंभी एक आणि शेवटी दुसरी ठेवणे, थंड पाण्याचा ओघ जेथे तापते तेथेच वाढविणे, असे उपाय केवळ आखणीने साधतात. हवा ओली करणारे वेगळे यंत्र टोयोटाने २०१४ च्या मोटारीतून वगळले ते अशाच युक्तीने. परंतु आपल्या हवेसाठी हे उपाय आपल्यालाच शोधावे लागतील. शिवाय कोराडी व खापरखेड्याची औष्णिक वीजकेंद्रे शहराच्या उशाशी आहेत, आणि कोळशाच्या धुरातील गंधकाचा वायू प्लॅटिनमला मारक असतो. नागपूरच्या हवेत तावून निघालेला घट राजस्थानात आणि मराठवाड्यातही निभावेल. युरोपात उत्तीर्ण झालेला येथे उत्तीर्ण होईलच असे नाही.

दुसरा संबंध विद्येचा आहे. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था येथे आहे. १९६० मध्ये सुरू झालेले विश्वेश्वरय्या महाविद्यालय आज राष्ट्रीय संस्था आहे. ॲल्युमिनियमच्या संशोधनासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू केंद्र वाडीला आहे, आणि हायड्रोजन द्रवरूप संयुगांत साठविण्याविषयीचे संशोधन ‘नीरी’मध्ये झालेले आहे. हिंगणा व बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत धातू कापणारी, ठोकणारी, जोडणारी माणसे आहेत. रसायन, यंत्र, धातू आणि कारागिरी ही पत्र्याला लागणारी चारही अंगे एका शहराच्या परिघात आहेत. उणीव आहे ती त्यांना एकत्र बसविणाऱ्या कामाची.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलक्याने उडवून लावण्यासारखा नाही. विजेवर चालणाऱ्या दुचाक्या आणि बसगाड्या रस्त्यावर आल्या आहेत. विजेपासून हायड्रोजन करावयाचा, तो दाबून भरावयाचा आणि पुन्हा त्याची वीज करावयाची, या फेऱ्यात मूळ विजेचा साधारण तिसरा हिस्साच चाकापर्यंत पोचतो. बॅटरीत तीनचतुर्थांशाच्या आसपास पोचतो. मग या मार्गाने जावेच कशाला? शहरातील मोटारीपुरता हा आक्षेप मान्यच करावा लागतो. परंतु लांब पल्ल्याचा अवजड मालट्रक, पाणबुडी आणि दिवसच्या दिवस वीज पुरविण्याची गरज असलेली ठिकाणे येथे बॅटरीचे वजन आणि भरण्यास लागणारा वेळ आडवा येतो. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने २०८ कोटींच्या साहाय्याने ३७ हायड्रोजन वाहनांची चाचणी जाहीर केली ती बसगाड्या व ट्रक यांचीच. त्यांपैकी १५ वाहने इंधनघटाची आहेत, उरलेली २२ इंजिनातच हायड्रोजन जाळणारी. ठरविलेल्या मार्गांत पुणे–मुंबई आहे. देशाच्या मध्यभागी चार दिशांचे महामार्ग जेथे भेटतात ते नागपूर नाही.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. हायड्रोजनची मोटार उद्या मागे पडली तरी सरी आखण्याची विद्या वाया जात नाही. ज्या इलेक्ट्रोलायझरसाठी सरकार हजारो कोटी देणार आहे त्याच्या आतही पाणी व वायू खेळविणारे असेच पत्रे असतात. विजेच्या गाडीतील बॅटरी थंड ठेवणाऱ्या पत्र्यावर अशाच नागमोडी सऱ्या असतात. पातळ पत्र्यावर अचूक वाट ठोकणे, तीतून द्रव वा वायू सारखा वाहविणे आणि गळती होऊ न देणे हे कौशल्य ज्या देशाच्या कार्यशाळेत रुजले, त्याला यांपैकी कोणतेही यंत्र परके राहत नाही. उलट ते ज्याच्याजवळ नाही, त्याला प्रत्येक नव्या यंत्रासाठी नवी आयात करावी लागते.

करण्यासारखे

करावयाचे काम अवाढव्य नाही. घटाची चाचणी घेणारे एक सामाईक केंद्र नागपुरात उभारावे, तेथे मे महिन्याची हवा आणि जुलैची हवा या दोन्हींत पत्रे तपासले जावेत, आणि निष्कर्ष, मग ते अपयशाचे असोत, सर्व महाविद्यालयांना खुले असावेत. डाय घडविणारी एक चांगली कार्यशाळा त्या केंद्राशी जोडावी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्याला तेथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याइतकाच मान असावा. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प पुष्कळदा संगणकावरील रंगीत चित्रांपाशी थांबतात. त्यांतील निवडक आखण्या प्रत्यक्ष पत्र्यावर उतरवून पाहण्यापुरते पैसे त्या ४०० कोटींतून निघावेत. आणि जी चाचणी-वाहने सरकार रस्त्यावर आणणार आहे त्यांपैकी काही तरी विदर्भाच्या उन्हात चालवावीत.

नागपूरची राष्ट्रीय तंत्रशास्त्र संस्था ज्यांचे नाव मिरविते ते विश्वेश्वरय्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि मुंबई इलाख्यात नोकरीला लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी नीरेच्या कालव्यावर त्यांनी पाण्याच्या वाटणीची ब्लॉक पद्धत घालून दिली, आणि खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. धरण बांधले म्हणजे पाणी पोचले असे नाही. ते शेवटच्या शेतापर्यंत सारखे पोचविण्याची स्वतंत्र विद्या असते, हे त्यांनी ओळखले होते. हायड्रोजनच्या बाबतीत आज धरण बांधण्याची घाई चालली आहे आणि वाटणीचा विचार मागे पडला आहे. वायूचे टन मोजले जातील, कोटी खर्च होतील, वाहनेही धावतील. परंतु त्यांच्या पोटातील पत्रे परदेशातून येत राहिले तर पेट्रोलच्या परावलंबनातून सुटून पत्र्याच्या परावलंबनात पडल्यासारखे होईल. सरी-वरंबा ही या मातीची जुनी विद्या आहे. ती मिलिमीटरच्या मापाने पुन्हा शिकण्याची वेळ आली आहे, आणि तिचा पहिला धडा गिरविण्यास नागपूरइतके योग्य गाव दुसरे क्वचितच सापडेल.